दसरा काढताय? बंद पडलेला टेप भंगारात घालू नका!

अर्धापूरकरांनो, आणि मालेगाव, लहान, दाभड, येळेगाव, कामठ्याच्या गावकऱ्यांनो,

घट बसायला थोडेच दिवस राहिलेत आणि घरोघरी दसरा काढणं सुरू झालंय. माळ्यावरचे डबे खाली आले, गोधड्या कॅनॉलवर गेल्या, भिंतींना चुना लागला. याच पसाऱ्यात कोपऱ्यातून एक धुळकट वस्तू बाहेर निघते. कुणाकडे टू-इन-वन टेप, कुणाकडे वॉकमन, कुणाकडे मेमरी कार्डावर वाजणारा गाण्याचा डबा. बटण दाबलं तर वाजत नाही. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा ऐकू येतो. जुनं द्या आणि प्लास्टिकचं घमेलं घ्या. व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो.

यंदा तो उरकू नका. हात जोडून सांगतोय.

बंद पडलेला टेप दुरुस्त करायचा की नवं काही घ्यायचं, याचा हिशेब आपण एकाच तऱ्हेनं करतो. दुरुस्तीला किती लागतील, नवं कितीला येईल. खर्च निम्म्याच्या वर गेला की "जाऊ द्या, नवंच घेऊ". फवारणीच्या पंपाला हा हिशेब बरोबर आहे, मिक्सरलाही आहे. टेपला मात्र त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो टेपला नाही, शेजारच्या कॅसेटींना विचारायचा. घरात अशी एखादी कॅसेट आहे का, जिच्यातला आवाज जगात दुसरीकडे कुठेच नाही?

नसेल, तर खुशाल मोकळे व्हा. प्रल्हाद शिंद्यांची गाणी, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, वामनदादा कर्डकांची गीतं, जुन्या हिंदी सिनेमातली गाणी हे सगळं आज मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतं, आणि पुष्कळदा आपल्या घासलेल्या कॅसेटीपेक्षा स्वच्छ. बाजारात विकत घेतलेल्या गाण्यांसाठी मोडका टेप दुरुस्त करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ज्याला हौस आहे त्यानं करावा. हौसेला हिशेब नसतो.

पण आधी कॅसेटी नीट बघा. छापील चिठ्ठीची बाजूला काढा. उरतात त्या कोऱ्या आणून घरी भरलेल्या. पाठीवर पेनानं काहीतरी लिहिलेलं असतं, "आईच्या ओव्या", "काल्याचं कीर्तन", "बापूंचं लग्न", नाही तर काहीच नसतं. हा सगळा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

आपल्या भागात ऐंशी-नव्वदच्या दशकांत काय काय भरून ठेवलंय, त्याचा कुणाला अंदाज नाही. घरात टेप आला की पहिल्यांदा गाणी वाजली आणि मग कुणीतरी लाल ठिपक्याचं बटण दाबून म्हाताऱ्या माणसांपुढे टेप ठेवला. जात्यावरच्या ओव्या भरल्या. महालक्ष्म्यांपुढची गाणी भरली, भुलाबाईची भरली, पाळणे भरले. सप्ताहात टाळकऱ्यांच्या मधोमध टेप ठेवून अख्खं कीर्तन उतरवून घेतलं. जागरणातली वाघ्या-मुरळीची रात्र, लग्नातले विहिणींचे उखाणे, दर्ग्यातल्या उरुसाची कव्वाली, होळीला तांड्यावर गायलेली बंजारा लेंगी. दाभडच्या बावरीनगरला पौषात धम्म परिषद भरते. तिथं कुणी भाषण भरून घेतलं असेल, कुणी आपल्याच गावच्या गायन पार्टीचं भीमगीत. आखाती देशात कामाला गेलेली माणसं चिठ्ठीऐवजी कॅसेट भरून पाठवायची आणि घरचेही उत्तर कॅसेटीतच भरायचे. त्या कॅसेटींत मागे कोंबडं आरवतं, कुणी लेकराला दम देतं, आणि मध्येच म्हातारी विचारते, "भरलं का रे?"

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. 17 सप्टेंबर 1948 ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. त्या वेळी पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदी ओलांडून गेलंय, आणि बहुतेक माणसं गेलीच आहेत. रझाकारांच्या काळात कोण कुठं लपलं, कुणाचं घर जळालं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली तेव्हा गावात काय बोललं गेलं, हे आजोबांनी ओसरीवर बसून सांगितलं आणि एखाद्या नातवानं ते भरून ठेवलं, असं ज्या घरात झालंय त्या घराकडे इतिहासाचा कागद आहे. फरक इतकाच, की तो डोळ्यांनी वाचता येत नाही.

तो वाचायला टेप लागतो. म्हणूनच बंद पडलेल्या टेपाची किंमत त्याच्या स्वतःच्या किमतीवर ठरत नाही. तो टेप किल्ली आहे. किल्ली भंगारात गेली की कुलूपबंद पेटी घरात राहून काय उपयोग!

अतिशयोक्ती वाटत असेल तर जगात काय चाललंय ते ऐका. कॅसेट फिलिप्स कंपनीनं 1963 साली आणली. सोनीचा वॉकमन 1979 च्या जुलैत आला आणि चालता-फिरता गाणं ऐकायची सवय जगाला लागली. 2010 मध्ये सोनीनं जपानातही कॅसेट वॉकमन बंद केला. वॉकमननंतर आलेला ॲपलचा आयपॉड 2001 ला जन्मला आणि 2022 ला तोही संपला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं 2015 मध्येच बजावलं होतं, की चुंबकीय फितीवरचं जे 2025 पर्यंत उतरवून घेतलं जाणार नाही ते बहुतांशी गेलंच समजा. 2019 मध्ये युनेस्को आणि ध्वनी संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी जगभरच्या संस्थांना असाच इशारा दिला. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. फीत कुजते हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की फीत चांगली असली तरी ती वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती उघडू शकणारे कारागीर संपत चाललेत. ती मुदत उलटून गेली. आता मिळतोय तो वरचा वेळ.

कारागिरांचं आपल्याकडे काय झालंय ते बाजारातून एक चक्कर मारली तरी दिसतं. जिथं पूर्वी टेप-रेडिओ उघडून बसलेला माणूस होता तिथं आता मोबाईलचे कव्हर आणि काचा लटकताहेत. टेपाचं काम येणारे हात साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्या पोरांनी मोबाईलचं दुकान टाकलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही, पोट तिकडे आहे. पण आज एखाद्या काकांकडे टेप नेला तर ते डोळे मिटून सांगतील काय झालंय. आणखी पाच वर्षांनी कुणाला विचारणार?

बहुतेक टेप मेलेले नसतातच, हे त्या काकांनाही माहीत आहे. न वाजणारा टेप कानाला लावून प्ले दाबा. आत मोटर घरघरते पण चाकं फिरत नाहीत, तर बेल्ट गेला. मागचे चार-पाच स्क्रू काढून झाकण उचललं की दिसतं. रबराचा पातळ गोल बेल्ट इतक्या वर्षांत ढिला पडलेला असतो, नाही तर पाघळून डांबरासारखा झालेला असतो आणि बोटाला लागला की दोन दिवस निघत नाही. तो पुसून काढायचा आणि मापाचा नवा घालायचा, काम एवढंच. घाईत कुणी साधा रबरबँड घालतं. चालतो, पण आवाज लाटांसारखा वर-खाली जातो. चाकं फिरतात पण आवाज दबका, गुदमरल्यासारखा येतो, तर हेडवर तांबूस भुकटी बसलीय. कापसाच्या काडीला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून अलगद पुसा, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे तो असतो. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबरी रोलर खराब होतो. काहीच हालचाल नाही, तर आधी सेलचं झाकण उघडा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल फुटून पत्र्यांवर हिरवट-पांढरं मीठ चढलेलं असतं. ते खरवडलं की पुष्कळदा टेप पुन्हा बोलू लागतो.

मोटर जळाली असेल, हेड झिजून खाच पडली असेल, आतलं गिअर तुटलं असेल तेव्हा मात्र सुटे भाग मिळणं कठीण. अशा टेपावर पैसे घालू नका. त्याऐवजी शेजारी विचारा. एका गल्लीत चार बंद टेप असतात, एकाची मोटर चांगली, दुसऱ्याचं हेड चांगलं. चारांचा मिळून एक चालू टेप होतो. माझं म्हणणं खरं तर हेच आहे. प्रत्येक घरानं टेप दुरुस्त करत बसायची काहीच गरज नाही. एका गावाला एक चालू टेप पुरे. बाकीच्यांनी फक्त तोपर्यंत आपल्या कॅसेटी आणि आपला मोडका टेप फेकायचा नाही.

तेही जमलं नाही तर कॅसेट वाजवणारी नवी चिनी यंत्रं ऑनलाइन मिळतात. त्यांची चाल एकसारखी नसते, आवाजही बेताचाच. नीट दुरुस्त झालेल्या जुन्या जड टू-इन-वनची सर त्यांना नाही. पण अजिबात नसण्यापेक्षा ते बरं. तेव्हा नवं घ्यायचं झालं तर हे घ्या. टेप बंद पडला म्हणून ब्लूटूथचा डबा आणलात तर आजीच्या कॅसेटीला त्याचा काही उपयोग नाही.

टेप चालू झाला की उत्साहानं लगेच आजीची कॅसेट आत सरकवू नका. हे लक्ष देऊन वाचा. पहिल्यांदा एखादी बिनमहत्त्वाची, बाजारातली कॅसेट लावून बघा. टेप रीळ खात नाही ना, याची खात्री पटू द्या. मग घरच्या कॅसेटीची पाठ बघा, म्हणजे फीत दिसते त्याच्या विरुद्धची कड. तिथं दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या टिकल्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं त्या मोडून काढा. मोडल्या की त्या कॅसेटीवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. एखाद्या नातवाचं बोट चुकून लाल बटणावर पडलं आणि पणजीच्या आवाजावर टीव्हीच्या जाहिराती भरल्या गेल्या, असं होऊ नये म्हणून कॅसेट बनवणाऱ्यांनीच ती सोय ठेवलीय.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. चिकटलेले वेढे सुटतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची फीत साठच्यापेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपात घालूच नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीवर जाते. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलंय त्यांना सांगणं आहे, की भिजलेली कॅसेट म्हणजे गेलेली कॅसेट नव्हे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका. चिखल स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकू द्या, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय वाजवू नका.

मग उतरवून घ्यायचं. टेपाच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाला जोडायची आणि वाजतंय ते भरून घ्यायचं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कुठल्याही पोराला हे समजतं. यात झटपट काही होत नाही. साठची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. वायर जमली नाही तर पंखा बंद करून, दार लावून, टेपासमोर मोबाईल ठेवून भरा. दर्जा कमी येईल, आवाज वाचेल. उतरवलेलं एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईल हरवतात. निदान दोन ठिकाणी ठेवा.

आणि उतरवताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवा. आवाज कुणाचा, माहेर कुठलं, वर्ष कुठलं, मागे कोण हसलं, ही ओवी कुणाच्या नावाची, हे आज तेच सांगू शकतं. तिथल्या तिथं वहीत लिहा. कॅसेट वाचली आणि नाव हरवलं तर पुढच्या पिढीला ती एका अनोळखी बाईची गाणी वाटतील.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या बायांच्या ओव्या, त्याचं काय एवढं! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या अभ्यासकांनी पुण्यात बसून असं म्हटलं नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या काही हजार बायांच्या आवाजात भरून घेतल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 मध्ये बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. गी पॉइत्वँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. संग्रह मात्र 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कुणालाही ऐकता येतो. त्यांनी भरलं ते राहिलं. आपल्या अर्धापूर तालुक्यातलं भरायला कुणी येईल, याची वाट बघत बसण्यात हशील नाही. आपल्याच घरात आपल्याच माणसांनी भरून ठेवलंय.

आता गाण्याच्या डब्याबद्दल. रात्री शेतात मोटर चालू करायला जाताना, हळदीत रानडुकरं घुसू नयेत म्हणून, केळीचे घड गाडीत भरताना जो लटकवलेला असतो तो. त्याची चार्जिंगची पिन सैल झाली असेल किंवा बॅटरी उतरली असेल तर दुरुस्त करा, किरकोळ काम आहे. आतलं सर्किट जळालं असेल तर नवा घ्या, मला त्यात काही हरकत नाही. मात्र देण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या. कित्येकांनी त्यात गाण्यांबरोबर घरच्या कार्यक्रमांचं भरलेलं ठेवलंय. स्वस्तातलं कार्ड न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर त्यातलं आपोआप पुसलं जाऊ शकतं, तेव्हा तेही आत्ताच उतरवा. डब्याची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात घंटागाडीत टाकू नका. दाबली गेली की पेट घेते. दुकानदाराला परत द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

काही मंडळींना नाव घेऊन विनंती करायची आहे. दसरा होईपर्यंत भंगारवाल्या भावांनी घरी भरलेल्या, हातानं लिहिलेल्या कॅसेटी टेपाबरोबर आल्या तर घरमालकाला एकदा विचारून परत कराव्यात. त्यांना त्या प्लास्टिकचे मिळणार ते किती? गावागावांतल्या वाचनालयांनी आणि दुर्गा मंडळांनी यंदाच्या वर्गणीतून एक टेप दुरुस्त करून घ्यावा आणि नऊ दिवस मंडपात टेबलावर ठेवून ज्याच्या त्याच्या कॅसेटी उतरवून द्याव्यात. डीजेच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे, ललित कलांचं आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आपल्या मुलांना कामाला लावावं. किनवट-माहूरकडे कोलामी बोलणारी माणसं आहेत, गोंडी बोलणारी आहेत, तांड्यांवर गोरबोली आहे. या भाषांतल्या घरगुती कॅसेटी हरवल्या तर त्यांच्या बदल्यात बाजारात दुसरं काही मिळणार नाही.

आणि घरातल्या बायांना. दसरा तुम्हीच काढता, काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे त्या क्षणी तुमच्याच हातात असतं. हे दिवस पित्तरपाटाचे आहेत. आजेसासूच्या नावानं पान वाढायचं आणि तिचा आवाज घमेल्याच्या बदल्यात द्यायचा, असं आपल्या हातून होऊ देऊ नका.

आज संध्याकाळी एवढं करा. घरी भरलेल्या कॅसेटी आणि बंद टेप एका कोरड्या पिशवीत घालून उन्हापासून, स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. पिशवीवर "देऊ नये" असं मोठ्या अक्षरात लिहा. उद्या सकाळी भावकीत, गल्लीत विचारा, टेप चालू असलेलं घर कुठलं आणि टेपाचं काम येणारं माणूस कोण. सापडलं की त्याच दिवशी टेप घेऊन जा. भंगारवाला उद्याही येणार आहे, त्याच्या आधी पोचा.